डेली टेलिग्राफ प्रकरण, १९०८: कैसरची मुलाखत सगळ्यांनी तपासली, वाचली मात्र कोणीच नाही

जर्मनी आणि ब्रिटन यांच्या भांडणात पेपरवाल्यांचा हात किती, असा विषय निघाला की बहुतेक जण थेट पहिल्या महायुद्धाच्या प्रोपगंडावर उडी मारतात, नाहीतर मग गोबेल्स आणि बीबीसी. मला त्यापेक्षा १९०८ चं डेली टेलिग्राफ प्रकरण जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण यात पेपरने बनावट काही छापलं नव्हतं, कोणी कागद चोरून फोडले नव्हते, कोणी दगा दिला नव्हता. सगळं अगदी रीतसर झालं, म्हणजे मजकूर आधी पाठवला, मंजुरी मागितली, दुरुस्त्या आल्या, त्या केल्या आणि मग छापलं. आणि तरी त्या एका लेखाने जर्मन सम्राट गादी सोडायची भाषा करायला लागला.

आधी माणूस कोण होता ते बघू. व्हिल्हेल्म दुसरा, जर्मनीचा कैसर, राणी व्हिक्टोरियाचा सख्खा नातू आणि त्यावेळचा इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा भाचा. इंग्लंडवर याचं प्रेमही होतं आणि जळफळाटही तेवढाच, आणि बोलण्याच्या बाबतीत उचलली जीभ लावली टाळ्याला असा कारभार. जुलै १९०० मध्ये ब्रेमरहाफेन बंदरावर चीनला निघालेल्या सैनिकांसमोर त्याने हूणांसारखं वागा, कैदी घेऊ नका असलं भाषण ठोकलं, तेव्हा त्याच्या लोकांनी धावपळ करून सौम्य केलेली प्रत पेपरांना द्यायचा प्रयत्न केला, पण स्थानिक पत्रकाराने शॉर्टहँडमध्ये सगळं उतरवून घेतलं होतं आणि ते छापूनही टाकलं. पुढे महायुद्धात ब्रिटिश पेपरांनी जर्मनांना 'हूण' म्हणायला सुरुवात केली त्याचं मूळ इथे आहे. तर सम्राट बोलणार आणि ऑफिस मागून सावरणार, हा प्रकार बर्लिनमध्ये जुनाच होता.

१९०८ पर्यंत दोन्ही देशांतलं वातावरण बरंच बिघडलेलं होतं. १८९८ आणि १९०० च्या कायद्यांनी जर्मनी मोठं आरमार बांधायला लागला होता, ब्रिटनने १९०६ मध्ये ड्रेडनॉट ही युद्धनौका पाण्यात उतरवल्यावर शर्यत अजून पेटली, आणि पेपरवाल्यांना तर पर्वणीच. लंडनच्या डेली मेलने १९०६ मध्ये जर्मन सैन्य इंग्लंडवर चाल करून येतं अशी काल्पनिक मालिका चालवली, आणि असं सांगतात की मालकाने आक्रमणाचा मार्ग मुद्दाम बदलून घेतला, म्हणजे जर्मन सैनिक अशाच गावांतून जातील जिथे पेपर खपतो! त्यात मार्च १९०८ मध्ये टाइम्सने बातमी फोडली की कैसरने ब्रिटिश नौदलाचा मंत्री लॉर्ड ट्वीडमाउथला आरमाराबद्दल खाजगी पत्र लिहिलंय. परक्या देशाचा राजा आपल्या मंत्र्याला परस्पर पत्र लिहितो म्हणजे काय, म्हणून मोठा गदारोळ झाला.

मुलाखत झाली कशी

नोव्हेंबर १९०७ मध्ये कैसर विंडसरला सरकारी भेटीवर आला, आणि ती आटोपल्यावर आरामाला म्हणून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथजवळच्या हायक्लिफ कॅसलमध्ये जाऊन राहिला. हा वाडा कर्नल एडवर्ड स्टुअर्ट-वॉर्टली या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा. यजमान-पाहुण्यांच्या भरपूर गप्पा झाल्या, कैसर मनमोकळं बोलला, मी इंग्लंडचा मित्र आहे आणि तुमचे लोक मलाच शत्रू समजतात हे त्याचं नेहमीचं दुखणं. कर्नलला ते मनापासून पटलं. पुढच्या वर्षी तो जर्मन लष्कराच्या कवायती बघायला गेला तेव्हा परत भेट झाली, आणि ठरलं की हे सगळं इंग्रजी वाचकांसमोर यायला हवं. मग एका पत्रकाराच्या मदतीने कर्नलने त्या गप्पांचा मुलाखतीसारखा लेख बनवला. म्हणजे प्रश्न-उत्तर अशी बसून घेतलेली मुलाखत नव्हतीच ती, वेगवेगळ्या वेळच्या गप्पा एकत्र शिवलेल्या होत्या. पेपर निवडला डेली टेलिग्राफ, जो जर्मनीच्या नावाने रोज बोटं मोडणाऱ्यांपैकी नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटी कर्नलने मसुदा कैसरकडे मंजुरीला पाठवला. कैसर तेव्हा पूर्व प्रशियात रोमिंटेनला शिकारीच्या मुक्कामावर. आणि इथे गंमत बघा, जो माणूस आयुष्यभर कोणालाही न विचारता बोलत आला त्याने या वेळी मात्र अगदी नियमाप्रमाणे केलं. १८७१ च्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाप्रमाणे सम्राटाच्या आदेशांवर चॅन्सेलरची सही लागायची आणि त्या सहीने जबाबदारी चॅन्सेलरवर जायची. मुलाखत म्हणजे काही आदेश नव्हे, पण कैसरने मसुदा बरोबर असलेल्या परराष्ट्र खात्याच्या प्रतिनिधीमार्फत, येनिश त्याचं नाव, चॅन्सेलर ब्यूलोकडे पाठवला.

ब्यूलो होता सुट्टीवर, नॉर्डर्नाय बेटावर समुद्राची हवा खात. तिकडे ऑस्ट्रियाने ६ ऑक्टोबरला बोस्निया गिळंकृत केल्यामुळे बाल्कनमध्ये आग लागलेली, टेबलावर तारांचा ढीग. त्याने मसुदा बर्लिनला परराष्ट्र खात्यात पाठवला, नीट तपासा, काही दुरुस्ती, भर किंवा काटछाट हवी असेल तर कळवा असं सांगून. खात्याचा मंत्री शोएन रजेवर. मग खालच्या स्टेमरिशकडे आला, त्याने तो क्लेमेट नावाच्या अधिकाऱ्याकडे सरकवला. आता क्लेमेटने काय विचार केला असेल ते समजायला कुठल्याही सरकारी ऑफिसात एक आठवडा काढलेला माणूस पुरे. महाराजांना हे छापायचंय हे तर वरूनच आलंय, चॅन्सेलरकडून फाइल आलीय म्हणजे त्यांनी धोरण बघितलंच असणार, आपलं काम तपशील बरोबर आहेत की नाही एवढंच. त्याने दोन-चार बारीक दुरुस्त्या सुचवल्या आणि फाइल परत वर. ब्यूलोने ती तशीच कैसरकडे पाठवली, कैसरला वाटलं चॅन्सेलरने हिरवा कंदील दिला, त्याने कर्नलला कळवलं की छापा.

२८ ऑक्टोबर १९०८, बुधवार. डेली टेलिग्राफमध्ये लेख आला, कर्नलचं नाव न देता.

लेखात होतं काय

सुरुवातच अशी की तुम्ही इंग्रज लोक वेडे आहात, वेडे, पार वेडे, माझ्यासारख्या मित्रावर संशय घेता! चला, एवढ्यावर भागलं असतं तर लोक हसून विसरले असते. पण पुढे महाशय आपल्या मैत्रीचे पुरावे द्यायला लागले, आणि एकेक पुरावा म्हणजे सुरुंग.

पहिला, की जर्मनीतल्या मध्यम आणि खालच्या वर्गातल्या बहुतेकांच्या मनात इंग्लंडबद्दल फारसं प्रेम नाही, मी तिथे अल्पमतात आहे. म्हणजे आपलीच प्रजा इंग्लंडविरोधी आहे हे सम्राटाने परक्या पेपरात सर्टिफाय करून टाकलं.

दुसरा, की बोअर युद्धात (दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांशी इंग्लंडचं झालेलं युद्ध) फ्रान्स आणि रशिया माझ्याकडे आले होते, आपण मिळून इंग्लंडला युद्ध थांबवायला लावू म्हणून, मी नकार दिला आणि ते इंग्लंडच्या राणीला कळवलंही. झालं, पॅरिस आणि सेंट पीटर्सबर्ग दोन्हीकडे गुप्त बोलणी फोडली म्हणून बोंब.

तिसरा सगळ्यात भारी. १८९९ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश सैन्य मार खात होतं तेव्हा मी स्वतः बोअरांविरुद्धच्या मोहिमेची योजना आखली, माझ्या जनरल स्टाफकडून तपासून घेतली आणि विंडसरला पाठवली, आणि पुढे ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सने जी योजना राबवली ती बरीचशी तशीच होती! आता हे जर्मन माणसाने वाचलं तर त्याला काय वाटेल याचा विचार करा. जर्मनीत लोक बोअरांच्या बाजूने अक्षरशः वेडे झाले होते. याच कैसरने ३ जानेवारी १८९६ ला ट्रान्सवाल या बोअर राज्याचा अध्यक्ष क्रुगरला अभिनंदनाची तार केली होती, ज्यावरून इंग्लंडमध्ये संतापाची लाट आली होती. आणि आता तोच सांगतोय की मी इंग्रजांना बोअरांना हरवायचा प्लॅन दिला.

प्रत्यक्षात तसला मोठा युद्ध-आराखडा काही नव्हताच, त्याने मामाला, म्हणजे तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सला, काही सुटसुटीत टिपणं पाठवली होती. त्यातलं एक तर आपल्याकडच्या क्रिकेटवाल्यांनी वाचावंच असं आहे. कैसरने मामाला सुचवलं की चांगली टीमसुद्धा हरली की शांतपणे पराभव स्वीकारते, मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडने नाही का खिलाडूपणे स्वीकारला (१८९९ ची ॲशेस ऑस्ट्रेलियाने जिंकली होती), तसंच इथेही करा. मामाने ताडकन उत्तर धाडलं की आमचं साम्राज्य अस्तित्वासाठी लढतंय, याची क्रिकेट मॅचशी तुलना मला मान्य नाही. आठ वर्षांनी याच टिपणांचं लेखात 'मोहिमेची योजना' होऊन बसलं.

चौथा पुरावा आरमाराचा. जर्मन जहाजं इंग्लंडसाठी नाहीतच, ती लांबच्या पूर्वेसाठी, जपान वर येतोय, चीन जागा होतोय, पॅसिफिकमध्ये उद्या काय होईल सांगता येत नाही, कदाचित तुम्हालाच आमच्या आरमाराचा आनंद होईल. जपान १९०२ पासून ब्रिटनचा दोस्त होता हे इथे आठवायचं. म्हणजे एका लेखात फ्रान्स, रशिया, जपान आणि स्वतःची प्रजा एवढ्या सगळ्यांना दुखावून झालं, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्या इंग्रजांना ते पटलंही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

स्फोट कुठे झाला

इंग्लंडमध्ये खरं तर वादळ वगैरे फार झालं नाही. थोडी चेष्टा, थोडा संशय, आणि आरमार वाढवा म्हणणाऱ्यांना आयताच मुद्दा मिळाला की बघा, जर्मन जनता आपल्याविरुद्ध आहे हे खुद्द त्यांचा सम्राट सांगतोय. परराष्ट्रमंत्री ग्रेने एका खाजगी पत्रात लिहिलं की हा कैसर म्हणजे वाफ भरलेली, पंखे फिरत असलेली पण सुकाणूच नसलेली युद्धनौका आहे, एक दिवस कशावर तरी जाऊन आदळेल. पुढच्याच वर्षी, १९०९ च्या मार्चमध्ये, आठ ड्रेडनॉट हव्यात आणि आत्ताच हव्यात अशी घोषणा लंडनमध्ये गाजली. ती या मुलाखतीमुळे झाली असं मी म्हणणार नाही, जर्मन कारखान्यांच्या वेगाची भीती हे त्याचं मोठं कारण होतं, पण मुलाखतीने ती भीती कमी झाली नाही एवढं नक्की.

स्फोट झाला तो जर्मनीत. आणि माझ्या मते इथेच या केसचा गाभा आहे. बर्लिनमधले सगळे जण हा लेख इंग्रजांना लिहिलेलं पत्र समजून बसले होते, इंग्रजीत आहे, इंग्रजी पेपरात येणार, इंग्रज वाचणार, विषय संपला. पण रॉयटर, फ्रान्सची हावास आणि जर्मनीची वोल्फ या वृत्तसंस्थांची बातम्या वाटून घ्यायची व्यवस्था कित्येक वर्षं चालू होती, लंडनमध्ये सकाळी छापलेलं बर्लिनला लगेच तारेने पोचायचं आणि लगोलग जर्मनमध्ये छापूनही यायचं. म्हणजे १९०८ मध्ये 'फक्त इंग्लंडसाठी' असं काही उरलंच नव्हतं. वर जर्मनीतला पेपर धंदा स्वतःच जोरात होता, समाजवाद्यांपासून कॉन्झर्व्हेटिव्हांपर्यंत प्रत्येकाचे पेपर, सिम्प्लिसिसिमससारखी व्यंगचित्रांची मासलेवाईक पत्रिका, आणि मॅक्सिमिलियन हार्डेन हा पत्रकार तर कैसरच्या जवळच्या वर्तुळाच्या भानगडी आधीच १९०६ पासून चव्हाट्यावर मांडत होता. हार्डेनने आता थेट कैसरवरच लेखमाला काढली.

(१९०८ म्हटलं की मराठी माणसाला दुसरंच काही आठवतं. त्याच वर्षी २२ जुलैला मुंबईत टिळकांना केसरीतल्या लेखांवरून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला पाठवलं. लंडनच्या पेपराने परक्या सम्राटाला अडचणीत आणलं तरी ते स्वातंत्र्य, आणि पुण्याच्या पेपराने सरकारवर लिहिलं तर राजद्रोह. ब्रिटिश वृत्तपत्रस्वातंत्र्याचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही, असो.)

ब्यूलोपुढे आता प्रश्न, सांगायचं काय? ३१ ऑक्टोबरला निमसरकारी नॉर्डडॉइचे अल्गेमाइने त्साइटुंग या पेपरमध्ये खुलासा आला. चॅन्सेलरने मसुदा स्वतः वाचलाच नव्हता, वाचला असता तर छापू दिला नसता, त्याने राजीनामा देऊ केला होता पण कैसरने तो घेतला नाही. वरातीमागून घोडं तर आहेच, पण वाईट म्हणजे या खुलाशाने आगीत तेलच पडलं. लोक म्हणायला लागले, सम्राट काहीही बोलतो आणि चॅन्सेलर न वाचता पुढे पाठवतो, मग देश चालवतंय कोण? आणि ब्यूलोने खरंच वाचलं नव्हतं का, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे, काहींचं ठाम मत की त्याने वाचलं होतं. मला विचाराल तर वाचलं असेल तर लबाडी आणि नसेल तर बेजबाबदारपणा, मसुद्यावर सम्राटाचं नाव आणि विषय इंग्लंड, एवढं दिसल्यावर चॅन्सेलरने तो खाली ढकलायचाच नव्हता.

१० आणि ११ नोव्हेंबरला राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, चर्चा झाली आणि तिथे जे झालं ते त्या देशात कधी झालं नव्हतं. डावे तर बोललेच, पण नॅशनल लिबरल, सेंटर, अगदी राजाचे हक्काचे कॉन्झर्व्हेटिव्ह, सगळ्यांनी सम्राटावर उघड टीका केली. ब्यूलोने बचाव केला असा की ज्याचा बचाव केला त्यालाच तो लागावा. महाराज इथून पुढे खाजगी बोलण्यातही संयम पाळतील, नाहीतर मी किंवा माझ्यानंतरचा कोणीही जबाबदारी घेऊ शकणार नाही, असं त्याने भर सभागृहात सांगितलं.

आणि कैसर कुठे होता? आधी ऑस्ट्रियात शिकारीला, मग डोनाउएशिंगेनला मित्राच्या राजवाड्यात. तिथे १४ नोव्हेंबरला रात्री पाहुण्यांच्या करमणुकीसाठी त्याच्या लष्करी सचिवालयाचा प्रमुख, जनरल हुल्सेन-हेझेलर, बॅले नर्तकीचा ड्रेस घालून नाचला आणि नाचता नाचताच हार्ट अटॅकने कोसळून मेला. देशात सम्राटाच्या अकलेवर चर्चा चाललेली आणि इकडे हे! ही हकीकत बाहेर फुटू नये म्हणून दरबाराने केवढी धडपड केली असेल ते सांगायला नको.

१७ नोव्हेंबरला पॉट्सडॅममध्ये ब्यूलो भेटला आणि चॅन्सेलरने राइशटागमध्ये जे सांगितलं ते मला मान्य आहे अशा अर्थाच्या निवेदनाला कैसरने संमती दिली, ते सरकारी राजपत्रात छापलं गेलं. चार दिवसांनी बर्लिनच्या टाउन हॉलमध्ये समारंभ होता, तिथे ब्यूलोने सगळ्यांच्या देखत भाषणाचा कागद कैसरच्या हातात दिला आणि कैसरने तो वाचून दाखवला. एरवी तोंडाला येईल ते बोलणारा सम्राट शाळेतल्या पोरासारखा कागद वाचतोय, हे बघायला अख्खं बर्लिन जमलेलं. त्यानंतर तो खचला, अंथरूण धरलं, गादी सोडायचं बोलायला लागला, काही काळ युवराजाने कामं बघितली.

याच्याच पोटात अजून एक बॉम्ब होता. त्याच उन्हाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावर आपल्या यॉटवर कैसरने विल्यम बेयार्ड हेल या अमेरिकन पत्रकाराशी गप्पा मारल्या होत्या आणि तिथे इंग्लंडबद्दल बरोबर उलटं, जहरी बोलला होता. न्यूयॉर्क टाइम्सने ते छापलं नाही. सेंच्युरी मासिकात ते यायचं होतं, पण नोव्हेंबरचा गोंधळ बघून जर्मन सरकारने हालचाल केली, छापलेल्या प्रती विकत घेऊन नष्ट केल्या. म्हणजे तारेच्या वेगाने फिरणारी बातमी दाबता येते, फक्त ती छापखान्यातून बाहेर पडायच्या आधी आणि पैसे मोजून. हे छापून आलं असतं तर, इंग्रजांना मित्र आणि अमेरिकनांना इंग्रजांचा शत्रू, दोन्ही पाठोपाठ.

चुकलं कोणाचं

कैसरचं तर चुकलंच, त्यात नवीन काय. पण केस म्हणून बघताना मला तो फारसा दोषी वाटत नाही, नियम त्यानेच पाळला होता. येनिश, ब्यूलो, स्टेमरिश, क्लेमेट, एवढ्या हातांतून कागद गेला आणि प्रत्येकाने 'बरोबर आहे का' एवढंच विचारलं. उद्या कोलोनमधला दुकानदार हे वाचेल तेव्हा काय म्हणेल, टोकियोत काय म्हणतील, हे विचारायचं काम कोणाचंच नव्हतं. खरं तर होतं. परराष्ट्र खात्यात ऑटो हॅमान नावाचा प्रेसचा स्वतंत्र प्रमुख होता, त्याचा पूर्ण दिवस पेपरवाल्यांना सांभाळण्यात जायचा, पण मसुदा ज्या टेबलांवरून फिरला त्यात त्याचं टेबल नव्हतं. मुलाखतीला प्रेसचा विषय मानलंच नाही, फाइल मानलं. शेवटी बळी गेला तो सगळ्यात खालच्याचा, क्लेमेटला खात्यातून हलवलं.

राइशटागने एवढा दंगा केला पण हाती काही लागलं नाही. चॅन्सेलर संसदेला जबाबदार असावा असे प्रस्ताव डिसेंबरमध्ये आले, समितीत गेले आणि तिथेच विरले. पक्षांना एकमेकांवर विश्वास नव्हता, कॉन्झर्व्हेटिव्हांना सम्राट गप्प हवा होता, दुबळा नको होता. ती दुरुस्ती शेवटी झाली ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध हरत आल्यावर, जेव्हा तिचा उपयोग संपला होता.

ब्यूलोला कैसरने माफ केलं नाहीच, जून १९०९ मध्ये वारसा कराचं बिल राइशटागमध्ये पडलं आणि जुलैत तो गेला, जागी बेथमान होलवेग आला. कैसर मात्र सावरला. २५ ऑगस्ट १९१० ला क्योनिग्सबर्गमध्ये त्याने भाषण केलं की मी स्वतःला परमेश्वराच्या हातातलं साधन समजतो आणि रोजच्या मतमतांतरांची पर्वा न करता माझ्या वाटेने जातो. परत पेपर पेटले, परत राइशटागमध्ये चर्चा, आणि या वेळी बचावाला उभं राहायची पाळी बेथमान होलवेगवर आली.